चाकाच्या तुंब्यातला आवाज

कारखान्यातल्या जुन्या फिटरची एक सवय असते. फेरी मारताना तो मोठ्या पंख्याजवळ थांबतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो, मूठ कानाच्या हाडाला लावतो आणि क्षणभर डोळे मिटतो. आत गोळ्या किंवा रोलर नीट फिरत असतील तर एकसारखी, मऊ सळसळ ऐकू येते. कुठे खड्डा पडला असेल तर त्या सळसळीत खरखर मिसळते. मग तो वहीत नोंद करतो, गरज वाटली तर कंपन मोजायचं यंत्र लावतो आणि पुढच्या शटडाऊनला बेअरिंग बदलायचं ठरतं. सिलतरासारख्या गावात ही फेरी म्हणजे रोजचं काम. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर, धरसींवा तालुक्यात वसलेल्या या औद्योगिक पट्ट्यात स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, पोलादाचे कारखाने आहेत, रोलिंग मिल आहेत. स्पंज आयर्नची भट्टी म्हणजे किंचित तिरकं ठेवलेलं, आडवं, अजस्र नळकांडं. ते दिवसरात्र हळूहळू फिरत असतं आणि त्याचा सगळा भार खालच्या रोलरांवर, म्हणजे शेवटी बेअरिंगांवर असतो. बेअरिंग बसलं की भट्टी बसली. म्हणून तिथे प्रत्येक बेअरिंगचं तापमान आणि आवाज यांवर लक्ष असतं.

त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर एखादी बारा-पंधरा वर्षांची बोलेरो उभी असते. तिच्या पुढच्या चाकांतली बेअरिंगं शेवटची कधी उघडली होती, असं विचारलं तर बहुतेक मालकांना आठवत नाही. इंजिन ऑईल वेळेवर बदलतात, फिल्टर बदलतात, टायरची हवा बघतात. चाकाच्या मध्यभागी, धूळटोपीच्या आत, चार चाकं मिळून दोन टनांच्या आसपासचा भार ज्यांच्यावर फिरतो ती बेअरिंगं मात्र आवाज करेपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसतात. आणि खरी चुटपुट लावणारी गोष्ट ही, की या जुन्या गाड्यांची बेअरिंगं उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसवता यावीत अशीच बनवलेली आहेत. ती सोय वापरली जात नाही, म्हणून ती मरतात.

या गाड्यांचा आणि महाराष्ट्राचा संबंध जवळचा. बोलेरो २००० साली आली, महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून. स्कॉर्पिओ २००२ची, तीही नाशिकचीच. टाटांची सुमो त्याआधीची, १९९४ची, पुण्याची. टाटांच्याच टेल्को कंपनीचे सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘सुमो’ झाली. सफारी १९९८ची. सुमो २०१९ साली बंद झाली, तरी छत्तीसगडच्या रस्त्यांवर तिचं दर्शन अजून दुर्मीळ झालेलं नाही. दणकट सांगाडा, वर बसवलेली बॉडी, डिझेल इंजिन आणि गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला समजेल अशी रचना, यामुळे ही वाहनं पंधरा वर्षं झाली तरी मोडीत काढली जात नाहीत. कायद्याने खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून थेट पाच हजारांवर गेली. इतके पैसे भरून जो माणूस गाडी ठेवतो त्याला ती हवी असते. मग तिच्या चाकांच्या आतही एकदा डोकावायला हवं.

आत काय असतं? बैलगाडी आठवली तर समजायला सोपं जातं. चाकाच्या मधला लाकडी तुंबा, त्यातून जाणारा लोखंडी आस, बाहेरून चाक निसटू नये म्हणून ठोकलेली खीळ आणि गाडीला लटकवलेलं वंगणाचं नळकांडं. लांबच्या वाटेला निघण्याआधी शेतकरी चाक काढून आसाला वंगण लावायचा. नाही लावलं तर चाक कुरकुरायचं आणि तुंबा झिजायचा. बोलेरो किंवा सुमोच्या पुढच्या चाकातही हाच संसार आहे. तुंब्याच्या जागी हब, आसाच्या जागी स्टब ॲक्सल, खिळीच्या जागी नट आणि त्यातून घातलेली स्प्लिट पिन. फरक एवढाच की तुंबा आणि आस यांच्यामध्ये आता पोलादी रोलर आले आहेत.

हे रोलर सरळ दंडगोल नसतात, एका बाजूला निमुळते असतात. त्यामागे मोठी युक्ती आहे. सरळ रस्त्यावर चाकावर फक्त वरून भार येतो. वळणावर बाजूनेही रेटा येतो. साधा सरळ रोलर तो बाजूचा रेटा सहन करू शकत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांना हाच प्रश्न पडला होता आणि १८९८ साली त्यांनी भाच्याबरोबर निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. म्हणजे ही कल्पना मोटारीसाठी नव्हे, घोडागाडीसाठी सुचली. निमुळता रोलर वरचा भारही पेलतो आणि एका दिशेचा बाजूचा रेटाही. दोन्ही दिशांचा रेटा पेलायला अशी दोन बेअरिंगं समोरासमोर बसवतात: आतल्या बाजूला मोठं, बाहेरच्या बाजूला लहान. गॅरेजच्या भाषेत हबमध्ये ठोकून बसवलेल्या बाहेरच्या कड्याला ‘कप’ म्हणतात आणि रोलरांसकट आतल्या भागाला ‘कोन’. आतल्या तोंडाला ऑईल सील, म्हणजे रबरी ओठ असलेलं कडं. ते ग्रीस आत आणि चिखल बाहेर ठेवतं.

या बेअरिंगांना किती काम असतं त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बोलेरोला २१५/७५ आर १५ मापाचं टायर धरलं तर एका फेऱ्यात चाक सव्वादोन मीटरला जरा कमी अंतर कापतं. म्हणजे किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेरे. रायपूरहून नागपूरला जायचं, राजनांदगाव, देवरी, भंडारा करत सुमारे २९० किलोमीटर, तर प्रत्येक चाकाचे एक लाख तीस हजार फेरे. लाख किलोमीटरला साडेचार कोटी. एवढं फिरताना रोलर आणि कप यांच्यामध्ये पोलादाला पोलाद लागू न देणारा जो वंगणाचा पडदा असतो तो जेमतेम एक मायक्रॉनच्या घरातला, कित्येकदा त्याहूनही पातळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. आता या पडद्यात धुळीचा एक कण शिरला तर काय होईल हे सांगायला नको.

आणि सिलतरात धूळ आहे. खनिज लोखंडाची, कोळशाची, भट्टीतून निघणाऱ्या चारची (अर्धवट जळलेल्या कोळशाची), फ्लाय ॲशची. वाटेवरच्या भनपुरी-बिरगावपासून पुढे ट्रकांच्या रांगा लागलेल्या असतात. रस्त्याच्या कडेला उन्हाळ्यात भुकटी आणि पावसाळ्यात तिचाच काळपट राडा. धुळीचा कण रोलरखाली दाबला गेला की कपच्या चकचकीत पृष्ठभागावर बारीक खळगा पडतो. प्रत्येक फेऱ्याला रोलर त्या खळग्याच्या कडेवर आदळतो. हळूहळू कडेखाली पोलादात तडा जातो आणि एक दिवस पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा पुन्हा रोलरखाली येतो. इथून पुढे बेअरिंग स्वतःलाच दळायला लागतं.

पाणी धुळीपेक्षा गुपचूप काम करतं. नाल्यातून गाडी घातली, चाकं गरम असताना हब पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढलं जातं. त्याहून नेहमीचा प्रकार धुलाई केंद्रातला. चिखल लवकर निघावा म्हणून जोरदार फवारा थेट हबवर आणि सीलवर धरतात. गाडी स्वच्छ दिसते, ग्रीसमध्ये पाणी शिरतं, ग्रीस दुधाळ होतं, रोलरवर गंज धरतो. हबच्या मागच्या बाजूला फवारा धरू नका एवढं मालकाने उभं राहून सांगायला हवं.

तिसरं कारण भार. बेअरिंगचं आयुष्य कसं मोजायचं याचा पाया आर्विड पाल्मग्रेन आणि गुस्ताफ लुंडबर्ग या दोघा स्वीडिश अभ्यासकांनी घातला. १९४७ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं आणि आजही जगभर त्याच सूत्रावर हिशेब होतो. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, सुमारे एक दशांशावर येतं. सात जणांच्या गाडीत बारा जण, टपावर सामान आणि पुढे खड्डा: त्या क्षणी पुढच्या चाकावर किती भार येतो याचा विचार करा. लग्नसराईत ज्या गाड्या अशा धावतात त्यांची बेअरिंगं अकाली जातात यात नवल नाही.

चौथं कारण मात्र गॅरेजमधलं आहे. त्याबद्दल पुढे.

आता आवाजाकडे. बेअरिंग बिघडण्याची पहिली खूण म्हणजे चाळीस-पन्नासच्या वेगाला सुरू होणारा हुंकार. मिस्त्री म्हणतो, बेअरिंग बोलायला लागलं. तो हुंकार वेगाबरोबर वाढतो, वेग कमी झाला की खाली येतो. इंजिनाचा नाही हे ओळखायची सोपी रीत आहे: मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये थोडी वाहू द्यायची. इंजिन शांत झालं तरी आवाज तसाच राहिला तर तो चाकांकडचा. मग प्रश्न उरतो टायर की बेअरिंग. हा गोंधळ इतका सर्रास होतो की चार नवे टायर टाकूनही आवाज न गेलेल्या गाड्या प्रत्येक गॅरेजवाल्याने पाहिलेल्या असतात. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलं की त्याचा सूर वेगळा लागतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. त्याचा सूर दोन्हीकडे तोच. टायरच्या कडेवरून तळहात फिरवून पाहिला आणि उंचवटे-खळगे हाताला लागले तर संशय टायरवर न्यावा.

पुढची खूण वळणाची. मध्यम वेगात, मागेपुढे वाहन नसताना, स्टिअरिंग हलकेच डावीकडे आणि उजवीकडे झुलवायचं. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर झुकतो. तेव्हा हुंकार वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, कमी झाला तर डावं. ‘बहुधा’ हा शब्द इथे जपून वापरला आहे, कारण गाडीच्या सांगाड्यातून आवाज इकडून तिकडे जातो आणि कान फसतो. डावीकडून येतोय असं वाटलेला आवाज उजवीकडचा निघतो. म्हणून केवळ कानावर भरवसा ठेवून बेअरिंग मागवू नये. चाक उचलायलाच हवं.

चाक उचलण्याचे नियम कडक आहेत. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे, मग जॅक, आणि जॅक लावल्यावर सांगाड्याखाली घोडी, म्हणजे लोखंडी आधार. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि हे वाक्य कितीदा लिहिलं तरी कमीच पडेल. चाक मोकळं झालं की घड्याळाच्या बाराच्या आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवायचं. खटखट जाणवली तर प्ले, म्हणजे सैलपणा, आहे. पण तो प्ले बेअरिंगचाच असेल असं नाही. बॉल जॉइंट झिजला तरी चाक असंच हलतं. दोघांतला फरक ओळखायला एका माणसाला ब्रेक दाबायला बसवायचं. ब्रेक दाबल्यावर हालणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब आणि आस एकत्र बांधले गेले. ब्रेक दाबूनही चाक हलत राहिलं तर बॉल जॉइंटकडे वळा. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावरच खटखट होत असेल तर स्टिअरिंगचे रॉड एंड तपासायचे.

यानंतरची परीक्षा फार सुंदर आहे आणि तिला काही खर्च नाही. एक हात चाकाजवळच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. चांगल्या बेअरिंगचं चाक गुपचूप फिरतं. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांत येते, वाळूत फिरणाऱ्या जात्यासारखी. कान जिथे चुकतो तिथे बोटं सहसा चुकत नाहीत.

उष्णता हाही साक्षीदार आहे. दहा-पंधरा किलोमीटर फार ब्रेक न दाबता गाडी चालवून आणायची आणि दोन्ही बाजूंच्या हबचं तापमान ताडून पाहायचं. डिस्क तापलेली असते, म्हणून उघड्या हाताने धडपड करू नये. कारखान्यात वापरतात तो दुरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर सिलतरात मिळणं अवघड नाही. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल, आणि त्या बाजूचा ब्रेक घासत नसेल, तर संशय पक्का.

रेल्वेने ही गोष्ट फार आधीपासून जाणली आहे. रायपूरकरांना डब्ल्यूआरएस कॉलनी दसऱ्याच्या उंच रावणामुळे ठाऊक असते. ती कॉलनी ज्या वॅगन रिपेअर शॉपची, तिथे मालगाड्यांच्या वाघिणींची दुरुस्ती होते. वाघिणींच्या आसावरही निमुळत्या रोलरचीच बेअरिंगं असतात, डबीसारखी बंद करून बसवलेली. मालगाडीचं बेअरिंग तापलं की त्याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात, आणि वेळीच पकडलं नाही तर आस तुटून गाडी रुळावरून घसरते. म्हणून गाडी यार्डात शिरताना दोन्ही बाजूंना कर्मचारी उभे राहून प्रत्येक चाकाकडे पाहतात, आवाज ऐकतात. थांबल्यावर तापमान तपासतात. आता रुळांच्या कडेला तापलेली बेअरिंगं आपोआप टिपणारी यंत्रंही बसवली जातात. एवढी यंत्रणा ज्या भीतीपोटी उभी राहिली तीच भीती महामार्गावर ऐंशीने जाणाऱ्या जुन्या गाडीला लागू आहे. पूर्ण बिघडलेलं बेअरिंग इतकं तापतं की कोन आसालाच चिकटतो, आस खरवडला जातो आणि शेवटी चाक हबसकट निसटू शकतं. नुसता हलका हुंकार असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. चाक हातात हलत असेल तर ती तिथेच उभी करावी आणि मिस्त्रीला बोलवावं.

बदलण्याचं काम करताना घाई नको. चाक काढलं की ब्रेकचा कॅलिपर सोडवतात. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने स्प्रिंगला बांधायचा. धूळटोपी उचकटायची, स्प्लिट पिन सरळ करून ओढायची, नट सोडायचा. हब थोडा पुढे ओढला की बाहेरचं लहान बेअरिंग हातात येतं. मग हब उतरवून मागचं सील काढायचं आणि आतलं मोठं बेअरिंग बाहेर. सगळं घासलेटात किंवा डिझेलमध्ये धुऊन उजेडात धरायचं. या क्षणी भागच सांगतात काय झालं ते. रोलरवर निळसर-जांभळी झाक असेल तर ते तापलं होतं. कपवर बारीक खवले निघाले असतील तर थकवा आणि धूळ. तपकिरी डाग म्हणजे पाणी. रोलरच्या अंतराने समांतर रेघांचे ठसे असतील तर कुठल्यातरी मोठ्या खड्ड्यात चाक जोरात आदळलं होतं. धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवून वाळवायची खोड अनेकांना असते. ती सोडावी, कोरडं बेअरिंग त्या वेगाने फुटून तुकडे अंगावर येतात.

कोन नवा आणि कप जुनाच, ही बचत फसवी आहे. दोघं एकमेकांवर झिजलेले असतात. नव्या रोलरला जुन्या कपचे खळगे पहिल्या दिवसापासून मारतात. म्हणून कप, कोन आणि सील एकत्र बदलायचं, आणि एका कंपनीचा कप दुसरीच्या कोनाशी जुळवायचा नाही. जुना कप पितळी पंचने समोरासमोर आलटून पालटून ठोकून काढतात. नवा कप बसवताना तो तिरपा गेला तर हबचं घरच ओरबाडतं. मिस्त्री जुन्याच कपची कड थोडी घासून तो नव्यावर ठेवतात आणि वरून ठोकतात, म्हणजे घाव सगळीकडे सारखा बसतो. कप तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलतो. आधीचा पोकळ ठणका जातो आणि ठोस, बंद आवाज येतो. तो बदल ऐकल्याशिवाय चांगला मिस्त्री थांबत नाही.

ग्रीस भरणं हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल, आणि त्याला यंत्र लागत नाही. डाव्या तळहातावर लिंबाएवढा ग्रीसचा गोळा घ्यायचा. उजव्या हातात कोन धरून त्याची रुंद कड त्या गोळ्यात दाबत तळहातावर ओढायची, पुन्हा उचलायची, पुन्हा दाबायची. चार-पाच वेळा दाबल्यावर रोलरांच्या फटींतून वरच्या कडेला ग्रीसच्या बारीक शेवया बाहेर यायला लागतात. त्या दिसल्या की तेवढा भाग भरला. मग कोन थोडा फिरवून पुढचा भाग. असं पूर्ण वर्तुळ. बाहेरून बोटाने ग्रीस फासलेलं बेअरिंग चमकदार दिसतं, पण आतून कोरडंच असतं. पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये बाहेरचं ग्रीस फेकलं जातं आणि आतले रोलर उपाशी राहतात. हबच्या पोकळीत मात्र ग्रीस ठासून भरायचं नाही. जागा मोकळी नसेल तर ते घुसळून तापतं आणि सील फोडून ब्रेकवर येतं. ग्रीस व्हील बेअरिंगचं, लिथियमचं, क्रमांक दोन किंवा पुस्तिकेत सांगितलेलं. चेसिसला पंपाने मारतात ते स्वस्त कॅल्शियमचं ग्रीस इथे चालत नाही, ब्रेकच्या उष्णतेने ते पातळ होऊन वाहून जातं. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळायचीही नाहीत.

आता ते राहिलेलं चौथं कारण. नवीकोरी बेअरिंगं बसवूनही काही महिन्यांत जातात, ती बहुतेक नट जास्त आवळल्यामुळे. घट्ट म्हणजे मजबूत, असा आपला साधा समज. चाकाच्या नटबोल्टांना तो लागू आहे, या नटाला नाही. निमुळतं बेअरिंग जितकं आवळावं तितका रोलर पाचरीसारखा कपमध्ये रुततो. ग्रीसचा पडदा फाटतो, बेअरिंग तापतं, तापून फुगतं आणि आणखी आवळलं जातं. योग्य रीत अशी: चाक हाताने फिरवत नट जरा घट्ट करायचा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करायचा आणि पुन्हा बोटांच्या जोराने टेकेल एवढाच फिरवायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे न आवळता मागच्या जवळच्या खाचेपर्यंत सैल करायचा. साधारणपणे अशा हबमध्ये ठेवायचा प्ले ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर असतो. वहीचं एक पान सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतं, एवढ्यावरून कल्पना येईल. डायल गेजने तो मोजता येतो आणि सिलतराच्या प्रत्येक देखभाल विभागात डायल गेज असतो. नेमका आकडा आणि पद्धत गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहावी, कारण काही मॉडेलांत थोडा ताण देऊन बेअरिंग बसवायचं असतं. स्प्लिट पिन मात्र दरवेळी नवी घ्यावी. तिला दहा-वीस रुपयेही लागत नाहीत, आणि चाकाचा नट तिच्या भरवशावर थांबलेला असतो.

काम संपल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबायचं. कॅलिपर उघडताना पॅड मागे सरकलेले असतात. पहिल्यांदा पाय दाबला तर पेडल थेट तळाला जातं, आणि गॅरेजच्या फाटकातच भिंत समोर येते.

मागच्या चाकांची गोष्ट वेगळी. बहुतेक जुन्या गाड्यांत मागचं बेअरिंग आसावर प्रेसने दाबून बसवलेलं असतं, त्यामागे आकुंचन पावून घट्ट बसलेलं कडं. तिथलं सील गेलं की डिफरन्शिअलचं तेल ब्रेक लायनरवर येतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसतात. हे काम घरी करायचं नाही. प्रेस असलेल्या गॅरेजमध्येच आस न्यावा. नव्या पिढीच्या गाड्यांत तर पुढेही हब आणि बेअरिंग एकत्र, बंद डब्यासारखं येतं. त्यात ग्रीस भरता येत नाही, प्ले बसवता येत नाही, बिघडलं की अख्खं बदलायचं. त्या गाड्यांच्या मालकांना वर्षातून एकदा चाक उघडण्याची कटकट नाही हे खरं. पण जुन्या बोलेरोवाल्याकडे जी संधी आहे, बेअरिंग मरण्याआधी त्याला वाचवण्याची, ती त्यांच्याकडे नाही.

खरेदीचा एक धोका सांगायलाच हवा. नामांकित कंपन्यांच्या नावाची नकली बेअरिंगं बाजारात असतात, डब्यासकट हुबेहूब. एसकेएफचा चिंचवडचा कारखाना साठच्या दशकापासून आहे आणि टिमकेनची बेअरिंगं जमशेदपूरला बनतात, त्यामुळे अस्सल माल न मिळण्याची काही अडचण नाही. फक्त तो अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह घ्यावा. बड्या कंपन्यांनी बेअरिंग अस्सल आहे का हे तपासण्यासाठी मोबाईल ॲपही काढली आहेत. भाव बाजारापेक्षा खूपच कमी सांगितला, तर तोच पहिला इशारा समजावा. जुनं बेअरिंग बदलल्यावर ते मिस्त्रीकडून मागून घ्यावं, हातात घेऊन पाहावं. त्यावर कोरलेला क्रमांक नव्याशी जुळतो का तेही तिथेच कळतं.

रायपूरच्या मराठी घरांतून दिवाळीला, उन्हाळी सुट्टीला नागपूरकडे जुन्या गाड्या निघतात; कुणी पुढे अमरावती, अकोल्यापर्यंत जातं. त्याआधी इंजिन ऑईल पाहिलं जातं, तसं यंदा पुढची दोन्ही चाकंही उचलून पाहा. स्प्रिंगवर हात ठेवून ती फिरवा, बारा-सहाला धरून हलवा. पुस्तिकेत बेअरिंग धुऊन ग्रीस बदलायचं जे अंतर दिलं असेल, ते सिलतराच्या धुळीत रोज चालणाऱ्या गाडीसाठी निम्मं धरा, आणि पावसाळा संपला की किलोमीटर न मोजता एकदा हब उघडा. बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा गॅरेजात न्या आणि मिस्त्रीला नटाचा प्ले तपासायला सांगा. नवे कप आणि कोन तोवर एकमेकांत बसलेले असतात आणि नट किंचित हलवावा लागतो.